माइल्सचं येणं-देणं

काही वर्षांपूर्वी मी जळगावहून रात्रीच्या गाडीने मुंबईला गेलो, सकाळच्या विमानाने दिल्ली गाठली, तिथल्या विमानतळावर तीन तास बसलो, दुपारच्या विमानाने मुंबईला परतलो आणि पुन्हा रात्रीच्या गाडीने जळगावात उतरलो. दिल्लीत माझं काडीचंही काम नव्हतं. एका विमान कंपनीच्या गोल्ड दर्जासाठी माझ्या खात्यात दोन उड्डाणं कमी पडत होती आणि मुदत संपायला चार दिवस उरले होते. घरी ‘अर्जंट मीटिंग’ सांगितली होती. बायकोने डब्यात कळण्याची भाकरी आणि लसणाची चटणी बांधून दिली होती. ती मी दिल्लीच्या गेटसमोरच्या खुर्चीवर बसून खाल्ली आणि पहिल्याच घासाला स्वतःची लाज वाटली. पुढच्या वर्षी त्या कंपनीने नियम बदलले. सोनेरी कार्ड अजून कपाटात आहे, जुन्या रेशनकार्डाच्या प्लास्टिकच्या पाकिटात.

हे आठवायचं कारण म्हणजे भाचा. तो पुण्यात आयटीत आहे. कंपनी त्याला वर्षातून चार-पाच वेळा अमेरिकेला पाठवते, कधी लुफ्थान्साने फ्रँकफर्टमार्गे, कधी एअर इंडियाने, आणि तिथे गेल्यावर आतल्या आत युनायटेडने. गेल्या महिन्यात त्याचा फोन आला, “मामा, माइल्स कुठे टाकू?” माइल्स, म्हणजेच मैल, म्हणजे उडण्याबद्दल विमान कंपनी सभासदाच्या खात्यात टाकते ते गुण. दाजींनी, म्हणजे त्याच्या वडिलांनी, अमळनेरहून निकाल आधीच देऊन टाकला होता : आपल्या टाटांची कंपनी आहे, तिथेच टाक, परक्याच्या घरात कशाला साठवायचं? दाजी निवृत्त मुख्याध्यापक आहेत. त्यांच्या निकालावर अपील नसतं. तरी मी केलं, आणि तेच इथे सविस्तर मांडतो आहे. कारण हा प्रश्न आता फक्त सुटाबुटातल्या लोकांचा उरलेला नाही. जळगावचे डाळमिलवाले, चटईवाले, सराफ, केळी आणि कांदा पावडर बाहेर पाठवणारे, शिवाय मुलांकडे अमेरिका-जर्मनीला जाणारे आईबाप, अशा सगळ्यांच्या मोबाइलमध्ये कुठल्या ना कुठल्या कंपनीचा सभासद क्रमांक पडून असतो. बहुतेकांना तो कशाचा, हे माहीत नसतं.

माझं म्हणणं थोडक्यात असं. विमान कंपनीशी निष्ठा हा प्रकार एकतर्फी आहे, त्यामुळे तिथे भावनेला जागा नाही. तिथे फक्त भाव विचारायचा. आणि जे लोक आपल्या निष्ठेचा हिशेब ठेवतात, त्यांच्यावर हिशेबाचं बंधन घालणं हे सरकारचं काम आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ. अमेरिकन एअरलाइन्सने १ मे १९८१ रोजी ‘एअॅडव्हांटेज’ ही मैलांची योजना सुरू केली आणि काही दिवसांतच युनायटेडने आपली आणली. तेव्हा गणित सोपं होतं, जितकं उडाल तितके मैल. १९९७ मध्ये एअर कॅनडा, लुफ्थान्सा, एसएएस, थाई आणि युनायटेड या पाच कंपन्यांनी स्टार अलायन्स ही युती केली. १९९९ मध्ये वनवर्ल्ड आली, २००० मध्ये स्कायटीम. एअर इंडियाला स्टारचं आमंत्रण २००७ मध्ये मिळालं, २०११ मध्ये प्रवेश लांबणीवर पडला आणि शेवटी जुलै २०१४ मध्ये ती आत गेली. आजही या तीन युत्यांमध्ये असलेली भारतीय कंपनी तीच एक. इंडिगो कुठल्याच युतीत नाही. दुबईला जाणाऱ्या आमच्या सराफांची लाडकी एमिरेट्सही नाही.

युतीचा अर्थ असा : विमान कुणाचंही असो, मैल कुठल्या खात्यात टाकायचे ते तुम्ही ठरवायचं. एका उड्डाणाचे मैल एकाच खात्यात जातात. एका खात्यात पुरेसे जमले की दर्जा मिळतो आणि तो युतीतल्या सगळ्या कंपन्यांना मान्य करावा लागतो. स्टार गोल्ड असलात तर लाउंजमध्ये, म्हणजे विमानतळावरच्या खास आरामकक्षात, स्वतः आणि सोबत एक पाहुणा, वेगळी रांग, आणि जिथे सामान वजनावर मोजतात तिथे २० किलो जास्त, जिथे नगावर मोजतात तिथे एक बॅग जास्त. त्याखालचा सिल्व्हर दर्जा म्हणजे, खरं सांगायचं तर, वेटिंग लिस्टमध्ये थोडं वरचं नाव. त्यासाठी जिवाचा आटापिटा करू नये.

आता यातली गंमत बघा. युनायटेडच्या स्वतःच्या योजनेतून ज्याने गोल्ड मिळवलं, त्याला अमेरिकेतल्या अमेरिकेत उडताना केवळ त्या दर्जावर युनायटेडच्या लाउंजमध्ये घेत नाहीत. पण ज्याचं स्टार गोल्ड परक्या कंपनीचं आहे, एअर इंडियाचं असो की सिंगापूरचं, त्याला त्याच लाउंजमध्ये, त्याच दिवशी, आदराने आत सोडतात. पिकतं तिथं विकत नाही, हे आपण गावातल्या वैद्याबद्दल म्हणतो. शिकागोतही तसंच चालतं. म्हणजे भाच्याने युनायटेडमध्ये खातं उघडणं हा सगळ्यात वाईट पर्याय होता, आणि त्याच्या ऑफिसातले निम्मे लोक नेमकं तेच करून बसले होते, कारण ‘आपण युनायटेडनेच तर फिरतो.’

दाजींचा मुद्दा इथे अर्धा बरोबर ठरतो. एअर इंडियाच्या खात्यातून गोल्ड मिळालं तर भाच्याला अमेरिकेत तो मान मिळेल. पण तिथवर पोचायचं कसं? एअर इंडियाने २०२४ मध्ये योजनेचा पाया अंतरावरून खर्चावर आणला. नोव्हेंबर २०२४ मध्ये विस्तारा तिच्यात विलीन झाली आणि योजनेचं नाव महाराजा क्लब झालं. अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्या २०१५-१६ मध्येच तिकडे वळल्या होत्या. ब्रिटिश एअरवेज एप्रिल २०२५ मध्ये वळली. किती उडालात याला आता किंमत नाही, किती रुपये दिलेत याला आहे. स्वस्त तिकीट शोधून तीन ठिकाणी विमान बदलणाऱ्या माणसाला या हिशेबात हातात काही पडत नाही.

मात्र एक फट उरते. तुम्ही लुफ्थान्साचं तिकीट काढून मैल तिसऱ्याच कंपनीच्या खात्यात टाकलेत, तर त्या तिसऱ्या कंपनीला तुम्ही किती पैसे मोजले हे दिसत नाही. म्हणून बऱ्याच योजना भागीदाराच्या उड्डाणावर अजूनही अंतर आणि भाड्याचा वर्ग बघूनच मैल देतात. तिकिटावर एक अक्षर छापलेलं असतं, तोच हा वर्ग. शेजारी-शेजारी बसलेल्या दोघांची अक्षरं वेगळी असू शकतात, आणि त्याच अक्षराला एका योजनेत पूर्ण मैल, दुसरीत निम्मे, तिसरीत शून्य असंही होतं. रावेरचा शेतकरी बऱ्हाणपूरचा भाव कानावर आल्याशिवाय केळीचे घड कापत नाही. आपण मात्र चाळीस-पन्नास हजारांचं तिकीट काढतो आणि त्याच्या अक्षराचा भाव कुठल्या बाजारात काय आहे, हे बघतही नाही.

माझंच उदाहरण देतो. मी डाळमिलवाल्यांसाठी आफ्रिकेतली तूर बघायला जातो. मुंबईहून इथिओपियनने अदिस अबाबा, तिथून दार एस सलाम. इथिओपियन, सिंगापूर आणि इस्तंबूलची टर्किश, तिन्ही कंपन्या स्टारमधल्याच. मुंबई ते अदिस सुमारे २,४०० मैल, पुढे सुमारे १,१००. जाऊन-येऊन ७,०००. सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायर योजनेत १२ महिन्यांत ५०,००० एलिट माइल्स, म्हणजे दर्जासाठी मोजले जाणारे मैल, झाले की गोल्ड मिळतं. अक्षराला पूर्ण मैल मिळाले तर वर्षाला सात-आठ फेऱ्या लागतील, निम्मे मिळाले तर पंधरा. तुरीचा हंगाम काही माझ्या कार्डासाठी लांबत नाही. मग मी मुदत बघितली. टर्किशच्या योजनेत गोल्डच्या बरोबरीचा एलिट दर्जा एकदा मिळाला की दोन वर्षं टिकतो. ज्याचं एक वर्ष भरभराटीचं आणि दुसरं कोरडं जातं, त्याच्यासाठी दोन वर्षांची मुदत फुकटच्या लाउंजपेक्षा मोलाची. आमचा धंदा पावसावर आहे. म्हणून आज मी बसतो इथिओपियनमध्ये आणि मैल जमा होतात इस्तंबूलच्या खात्यात. अदिसच्या काउंटरवरच्या बाईने एकदा हसून विचारलं होतं, आमच्यात काय कमी आहे? मी म्हटलं, काही नाही हो, हिशेब आहे.

या दर्जाचा उपयोगच नाही, असं मात्र कुणी समजू नये. ताई, म्हणजे दाजींची बायको, मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेला निघाली तेव्हा मी सोबत होतो. एकाच तिकिटावर दोघं. बहुतेक तिकिटांवर अमेरिकेला माणशी २३ किलोच्या दोन बॅगा चालतात. माझ्या दोन होत्याच, ताईने तीन भरल्या होत्या. डिंकाचे लाडू, बिबडे, कुरडया, कळण्याचं पीठ, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा गठ्ठा, बाळासाठी जुन्या सुती साड्यांची दुपटी. अमळनेरला किराणा दुकानाच्या काट्यावर तिन्ही बॅगा तोलून आणल्या होत्या, एकेक साडेबावीस किलो, दुकानदाराने चिठ्ठीवर वजन लिहूनही दिलेलं. मुंबईला काउंटरवरच्या मुलीने पाचवी बॅग बघितली, पैसे भरावे लागतील म्हणाली आणि आकडा सांगितला. ताईने माझ्याकडे बघितलं, “आते काय करानं?” आमच्या शेजारच्या रांगेत एक आजोबा जमिनीवर बसून बॅग उघडत होते. दोरीने बांधलेला डबा बाहेर काढून, आता हा कुणाकडे द्यायचा म्हणून इकडेतिकडे बघत होते. मी कार्ड पुढे केलं. मुलीने क्रमांक टाकला, बॅग पट्ट्यावर गेली. ताईला वाटलं, माझी वर ओळख आहे. मी तिचा गैरसमज दूर केला नाही. त्या आजोबांच्या डब्याचं काय झालं, ते मात्र बघायला मी थांबलो नाही, आणि हे लिहिताना तेच जास्त आठवतं आहे.

दाजींच्या बाजूने अजून एक गोष्ट मान्य करायला हवी. वरच्या वर्गात फुकट बसवणं, गडबड झाली की आधी जागा देणं, वेगळा फोन नंबर, या गोष्टी कंपन्या सहसा आपल्या घरच्या सभासदासाठीच राखून ठेवतात. जो माणूस वर्षभर एकाच कंपनीने, तेही महागड्या तिकिटावर उडतो, त्याने तिथेच खातं ठेवावं. माझा आक्षेप एवढाच की असे लोक अंधेरीत आणि गुडगावात राहतात. अमळनेर-शिरपूर-शहाद्याचा माणूस त्या दिवशी जे स्वस्त मिळेल त्याने उडतो. त्याला ‘एकाच घरी निष्ठा ठेव’ म्हणणं म्हणजे फाटक्या खिशाला शहाणपण शिकवणं.

त्यात आमच्या भागातली विमानं. २०१७ मध्ये उडान योजनेखाली एअर डेक्कनने जळगाव-मुंबई सुरू केलं, बंद पडलं. २०१९ मध्ये ट्रूजेट आली, तीही गेली. २०२४ मध्ये फ्लाय९१ने गोवा, हैदराबाद, पुणे जोडलं आणि अलायन्स एअरने मुंबई. एअर इंडिया २०२२ मध्ये टाटांकडे गेली तेव्हा अलायन्स एअर सरकारकडेच राहिली. तिच्या नावात अलायन्स आहे, पण ती कुठल्या जागतिक अलायन्समध्ये नाही, हा विनोद मी दर फेरीला एकदा तरी कुणाला तरी सांगतो. सात वर्षांत चार कंपन्या बघितलेल्या गावाने निष्ठा कुणाशी ठेवायची?

आता मूळ दुखण्याकडे येतो. हे मैल नक्की आहेत कुणाचे?

व्यापाऱ्याच्या घरात वाढलेल्याला येणं आणि देणं यातला फरक पाळण्यात कळतो. एकाचं देणं म्हणजे दुसऱ्याचं येणं; दोन्ही खतावण्या जुळल्या पाहिजेत. विमान कंपनीच्या ताळेबंदात न वापरलेले मैल देणं म्हणून दाखवावे लागतात. भारतात १ एप्रिल २०१८ पासून लागू झालेल्या ‘इंड एएस ११५’ या हिशेब मानकानुसार तिकिटाच्या पैशातला मैलांचा वाटा कंपनीला लगेच उत्पन्न म्हणून धरता येत नाही. सभासद ते वापरेपर्यंत किंवा ते रद्द होईपर्यंत थांबावं लागतं. म्हणजे कंपनीचा सनदी लेखापाल म्हणतो, हे देणं आहे. आणि त्याच कंपनीच्या नियमावलीत, जी आपण न वाचता टिक करतो, साधारण असं लिहिलेलं असतं : मैल ही सभासदाची मालमत्ता नाही, कंपनी ते कधीही बदलू, कमी करू किंवा रद्द करू शकते. त्यांच्याकडे देणं आहे, आपल्याकडे येणं नाही. ही कुठली खतावणी?

अमळनेरच्या लोकांना हे सांगायला फार शब्द लागत नाहीत. १९४५ मध्ये तिथे वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची वनस्पती तुपाची कंपनी निघाली, तीच पुढे विप्रो झाली. गावातल्या ज्यांनी तेव्हाचे समभाग घेतले आणि विकले नाहीत, त्यांच्या नातवंडांची घरं उभी राहिली. तो कागद मालकीचा होता. कंपनीच्या मनात आलं म्हणून शंभराचे साठ समभाग करता येत नव्हते. दाजींकडेही थोडे आहेत. कदाचित म्हणूनच ‘आपली कंपनी’ हे शब्द त्यांच्या तोंडी इतके सहज येतात. पण महाराजा क्लबचा सभासद हा टाटांचा भागधारक नव्हे. तो नुसता गिऱ्हाईक आहे, तेही कार्डवाला गिऱ्हाईक.

या खात्यांची किंमत कंपन्यांना पुरती ठाऊक आहे. २०२० मध्ये करोनाने विमानं जमिनीवर बसवली, तेव्हा युनायटेडने आपली मायलेजप्लस योजना तारण ठेवून अब्जावधी डॉलर उभे केले. योजनेचं मूल्य तिनेच सुमारे २२ अब्ज डॉलर सांगितलं होतं. डेल्टाने आणि पुढच्या वर्षी अमेरिकनने तेच केलं. शेतकरी सात-बारा तारण ठेवतो, पण त्यावर नाव त्याचं असतं. इथे सभासदांच्या सवयी तारण ठेवल्या आणि सभासदाला विचारलंही नाही. आपल्याकडे जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ ला थांबली. तिची जेटप्रिव्हिलेज ही योजना वेगळ्या कंपनीत असल्यामुळे इंटरमाइल्स या नावाने जगली, पण वर्षानुवर्षं जपलेला प्लॅटिनम दर्जा दाखवायला विमानच उरलं नाही. किंगफिशरवाल्यांचं तर काय बोलावं.

दुसरा प्रश्न पैसे कुणाचे याचा. माझं तिकीट मिलमालक काढतो, भाच्याचं कंपनी. मैल मात्र आमच्या नावावर. केंद्र सरकारच्या अर्थ मंत्रालयाची आपल्या अधिकाऱ्यांसाठी सूचना स्पष्ट आहे : सरकारी दौऱ्यातून मिळालेले मैल सरकारी दौऱ्यासाठीच वापरायचे. जर्मनीत २००२ मध्ये सरकारी प्रवासाचे मैल खाजगी कामाला वापरले म्हणून ग्रेगोर गीझी यांनी बर्लिनचं मंत्रिपद सोडलं. खाजगी नोकरीत मात्र सगळे डोळे मिटून घेतात. मी माझ्या शेठना एकदा सरळ विचारलं. ते म्हणाले, “तुला झोप लागली पाहिजे, बाकी तू बघ.” उदार माणूस. पण याच उदारतेमुळे लाखो नोकरदार दुसऱ्याच्या पैशाने महाग तिकीट काढतात आणि दर्जा स्वतः घेतात. कंपन्यांनी निष्ठेचा पाया खर्चावर का आणला, याचं उत्तर मला तरी इथेच दिसतं. स्वतःचे पैसे मोजणाऱ्याकडे त्यांचं लक्षच नाही.

आपली एसटी बघा. मार्च २०२३ पासून बाईला अर्धं तिकीट, पंचाहत्तरीच्या पुढच्या माणसाला २०२२ पासून फुकट. चोपड्याची म्हातारी आधी किती किलोमीटर फिरली, हे कंडक्टर विचारत नाही. विमान कंपन्यांनी तसं करावं असं मी म्हणत नाही. धंदा आहे त्यांचा. पण धंद्यातही उधारीची वही लागते.

ती वही पक्की करायला नवा मोठा कायदा लागत नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अन्याय्य कराराची कल्पना आधीच आहे, राज्य ग्राहक आयोगाकडे तशी तक्रार करता येते. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे प्रवाशांसाठीचे नियम विलंब, रद्द झालेली उड्डाणं, नाकारलेला प्रवेश यांवर बोलतात. त्यात मैलांसाठी एक प्रकरण जोडावं. आधी मिळवलेल्या मैलांची किंमत घटवायची तर किमान एक वर्ष आधी सांगावं लागेल. चालू वर्षाचा दर्जा वर्षाच्या मध्यात बदलता येणार नाही. आणि तिकीट काढतानाच, पैसे भरायच्या आधी, या अक्षराला कुठल्या योजनेत किती मैल मिळतील ते पडद्यावर दिसेल. अमेरिकेच्या परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये चार मोठ्या कंपन्यांकडून त्यांच्या योजनांचा हिशेब मागवला होता. आपल्याकडे निदान प्रश्न तरी विचारला जावा.

भाच्याला मी हे सगळं तासभर सांगितलं. अक्षरं, मुदत, शिकागोचं लाउंज, सगळं. तो “हो मामा, हो मामा” म्हणत राहिला. परवा ताईचा फोन आला. पोरगा महिन्याभरात पुन्हा जातोय, या वेळी एअर इंडियाने, आणि क्रमांक टाकलाय महाराजाचा. दाजींनी समोर बसून फॉर्म भरून घेतला म्हणे.

“आणि भाऊ,” ताई म्हणाली, “त्याच्यासोबत बिबडे पाठवायचेत. एक बॅग जास्त जाईल ना?”

मी म्हटलं, अजून नाही जाणार. एखादं वर्ष थांबावं लागेल.